दाखला नसलेली मुलगी

आमच्या ओट्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेची घंटा स्पष्ट ऐकू येते. घंटेपाठोपाठ प्रार्थना, मग प्रतिज्ञा. त्या शाळेत एक दिवसही न गेलेली माझी लेक सकाळी हात धुता धुता 'भारत माझा देश आहे' पासून शेवटापर्यंत न अडखळता म्हणायची. मला आधी कौतुक वाटायचं. पुढे पुढे ते ऐकलं की पोटात कालवायला लागलं.

आम्ही तिला शाळेत घातलं नाही त्यामागे सुरुवातीला कसलंही तत्त्वज्ञान नव्हतं. 2020 च्या जूनमध्ये आम्ही पुण्यात होतो, ती सिनियर केजीत. शाळा मोबाइलवर, फी मात्र पूर्ण. पाच वर्षांची पोर बाईंचा आवाज बंद करून आपलं आपलं चित्र काढत बसायला शिकली, तेव्हा नाव काढलं. नवऱ्याचं काम घरूनच होतं, म्हणून वाईजवळ सासरच्या गावी आलो आणि इथलेच झालो. पुढच्या वर्षी तिचं पहिलीचं वय झालं तरी शाळेला कुलूपच. मग घरीच चालू ठेवलं. 'होमस्कूलिंग' हा शब्द आम्ही नंतर चिकटवला.

आणि खरं सांगते, मजा आली. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. भाजीच्या हिशेबात बेरीज, ओढ्याकाठी परिसर अभ्यास. दिवसाचे दोन तास पुरायचे, उरलेला वेळ ती पुस्तकात डोकं खुपसून. अडलं ते गणितात. दुसरीच्या पुस्तकात 2019 मध्ये 'वीस एक, वीस दोन' असंही वाचायची सोय आली होती. मला ते पटलेलं, म्हणून मी तसंच शिकवलं. सासूबाई पलीकडून ओरडायच्या, "एकवीस म्हण गं, बावीस म्हण!" मी लक्ष दिलं नाही.

तिसरीच्या वयाला आल्यावर मात्र पुढचं बघणं भाग होतं. नातेवाइकांनी मुंबईच्या त्या मुलीची बातमी पाठवून पाठवून फोन भरला, 2016 साली दहावी-बारावी नसताना ऑलिम्पियाडच्या पदकांवर अमेरिकेत एमआयटीला गेली ती. कौतुक आहेच, पण आमच्या लेकीला तेव्हा भागाकारही येत नव्हता. मी कायदा वाचायला घेतला. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 10 म्हणतं, मुलाला शेजारच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य. नाही घातलं तर पालकाला काय शिक्षा, ते कुठेच नाही. म्हणजे कुणी पकडून नेणार नव्हतं. एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीच्या परीक्षा देता येतात, चौदाव्या वर्षी दहावीला बसता येतं. राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे. कागदावर वाट मोकळी होती.

अडलं ते ओट्यावर. गावातल्या सगळ्या पोरी साडेदहाला शाळेत, त्या सुटणार पाचला. लेक चारपासूनच पायरीवर बसायची, शेजारी लगोरीच्या चपट्या दगडांची चळत. एकदा मी म्हटलं, चल, मी खेळते. ती म्हणाली, "तू मुद्दाम हरतेस."

त्या रात्री मी आणि नवरा खूप बोललो. भांडलो म्हटलं तरी चालेल. त्याचं म्हणणं, एवढी वाचणारी पोर तिथे जाऊन फळ्यावरचं उतरवत बसेल. माझं म्हणणं, घरात आई मीच, बाई मीच, मैत्रीणही मीच, यात कुठली तरी एक धड राहू दे. खासगी इंग्रजी शाळेचा विषय दोघांनीही काढला नाही. एकदा पोळलो होतो.

2023 च्या जूनमध्ये शाळेत गेले. चौथीपर्यंतची शाळा, शिक्षक दोन. गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं, "ताई, दाखला?" नाही म्हटलं. "पहिली कुठं केली?" घरी. "दुसरी?" घरीच. गुरुजी पेन ठेवून हसले. मी पाठ करून आले होते, की कलम 4 प्रमाणे वयानुसार वर्ग मिळतो आणि दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. म्हणायची वेळच आली नाही. एक पोर वाढली याचाच त्यांना आनंद, पट घसरत चालला होता. जन्माचा दाखला आणि आधारची झेरॉक्स घेतली, तिच्याकडून एक धडा वाचून घेतला आणि तिसरीत बसवलं. ऑनलाइन नोंदीत मात्र तिचा आधीचा विद्यार्थी क्रमांक सापडेना. सापडणार कुठून, ती पहिलीत कधी नव्हतीच. नवीन क्रमांक पडायला दोनेक महिने गेले, तोवर हजेरीत तिचं नाव पेन्सिलीनं.

पहिल्याच आठवड्यात बाईंनी फळ्यावर 69 लिहून विचारलं. ही ताडकन उठून म्हणाली, "साठ नऊ." वर्ग खो खो हसला. घरी आली ती थेट सासूबाईंकडे, "आज्जी, एकोणसत्तर म्हणजे सत्तरला एक कमी, हे तू मला आधी का नाही सांगितलंस?" सासूबाईंनी माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही.

नवरा म्हणाला होता तेही खरं ठरलं. वाचन कमी झालं, गृहपाठात धडेच्या धडे उतरवणं आलं. आल्या आल्या दप्तर फेकून पळते. खिचडी घरची आवडत नाही, शाळेचीच हवी.

चौथीनंतर पुन्हा प्रश्न आहेच, पाचवीची शाळा तीन किलोमीटरवर. पण सध्या मला वेगळाच घोर आहे. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या बायका लागतात, गुरुजींनी माझं नाव घातलं. मुलींच्या स्वच्छतागृहाची टाकी पाडव्यापासून गळतेय. परवाच्या बैठकीत सरपंचांशी त्यावरूनच वाजलं, आणि सोमवारी प्लंबर आला नाही तर मी पुन्हा जाणार आहे.