आमची वाटचाल : पेव्हर ब्लॉक आणि क्लिंकरचा हिशेब

आम्ही पेव्हर ब्लॉक, कर्ब स्टोन आणि चेंबरची झाकणे बनवतो. सुरुवातीला धंदा सरळ होता: ५३ ग्रेडचे ओपीसी (राख वगैरे न मिसळलेले साधे) सिमेंट, खडी, क्रश सँड, साचे आणि व्हायब्रेटर टेबल. कार्बन वगैरे मोठ्या कंपन्यांचे विषय. मग एका निर्यातदार कारखान्याच्या आवारात ब्लॉक बसवायचे काम आले आणि त्यांच्या खरेदी विभागाने दरासोबत मालाचा कार्बनचा आकडाही, म्हणजे तो बनवताना किती कार्बन डायऑक्साइड हवेत जातो तेही, मागितला. विजेची, डिझेलची बिले काढून बेरीज केली, तर ती किरकोळ निघाली. जवळजवळ सगळा भार सिमेंटच्या गोणीतच होता.

आणि त्यातला मोठा वाटा कोळशाचा नाही, दगडाचा आहे. हे आजही अनेकांना पटत नाही. सिमेंट ज्या दगडापासून बनते ती चुनखडी साधारण ९०० अंशांना तापली की फुटते. १०० किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो. क्लिंकर (भट्टीतून निघणारे खडे, जे दळून सिमेंट होते) व्हायला भट्टी पुढे १४५० अंशांपर्यंत न्यावी लागते, त्या इंधनाचा धूर वेगळाच. ओपीसीच्या ५० किलोच्या गोणीमागे नुसत्या दगडातून २५ किलोच्या आसपास आणि इंधन धरून ४० किलोच्या घरात वायू जातो. छपरावर सोलर आम्हीही बसवले आहे, बिल उतरले, पण त्याने गोणीतला क्लिंकर कमी होत नाही.

सिमेंट वापरूच नका, हा सल्ला आपल्या देशात चालणार नाही. घरे, गटारे, रस्ते अजून व्हायचे आहेत. चीननंतर सर्वांत जास्त सिमेंट भारतात बनते, ते उगाच नाही. मग उरते ते क्लिंकर कमी करणे. भारतीय मानकांनुसार पीपीसीमध्ये, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटमध्ये, १५ ते ३५ टक्के फ्लाय अ‍ॅश (वीजकेंद्रात कोळसा जळून उरलेली राख) चालते, स्लॅग सिमेंटमध्ये २५ ते ७० टक्के स्लॅग, म्हणजे लोखंडाच्या भट्टीतली मळी.

आम्ही पीपीसीवर गेलो, शिवाय मिक्सरमध्ये थोडी राख वेगळी घालू लागलो. राखेचा स्वभाव कळायला वेळ लागला. एखादा लॉट काळपट येतो, म्हणजे कोळसा नीट जळलेला नसतो. तो कार्बन अ‍ॅडमिक्श्चर (माल पातळ ठेवणारे रसायन) पिऊन टाकतो आणि माल मिक्सरमध्येच घट्ट होतो. आमचा सुपरवायझर गाडी खाली करण्याआधी चिमूटभर राख पाण्याच्या ग्लासात टाकतो. वर काळी साय धरली की गाडी परत. थंडीत दुसरी अडचण. राखेच्या मालाला ताकद उशिरा येते, सकाळी साचा उलटा केला की कोपरे साच्यातच राहतात. त्यावर साचे वाढवणे आणि पाणी जास्त दिवस मारणे हाच उपाय. चट्टे यार्डात पडून राहतात, पैसा अडकतो. बँकेला हे समजावणे चुनखडीचे रसायन समजावण्यापेक्षा अवघड!

सर्वांत जास्त त्रास मात्र टेंडरने दिला. एका कार्यालयाच्या कागदात 'फक्त ओपीसी ५३' असे छापलेले होते. ब्लॉकची ताकद २८ दिवसांनी तपासायची, आमचे नमुने त्यात पास, तरी माल नाकारला. आता आम्ही दर भरण्याआधीच क्यूब टेस्टचे (काँक्रीटचा ठोकळा दाबून ताकद मोजण्याचे) रिपोर्ट घेऊन जातो. काही ठिकाणी ऐकतात.

सध्या लक्ष एलसी३ सिमेंटवर आहे. त्यात क्लिंकर साधारण निम्मा, बाकी भाजलेली माती, कच्ची चुनखडी आणि थोडा जिप्सम. माती ७०० ते ८५० अंशांवर भाजली तरी पुरते आणि तिच्यातून मुख्यतः पाणीच निघते. भारतीय मानक २०२३ मध्ये आले. पण आमच्यासारख्याला लागतो तेवढाच माल कोणी सहज देत नाही, म्हणून आसपासच्या ब्लॉकवाल्यांनी मिळून एकत्र ऑर्डर द्यावी, अशी बोलणी चालू आहेत.