फोर्डची जनावरं

रविवार, रात्री उशिरा

आज दुपारभर वॉल्टन फोर्ड. बाकीची कामं तशीच पडून राहिली.

हा अमेरिकन चित्रकार, जन्म १९६० चा. जलरंगात भिंतभर जनावरं रंगवतो. लांबून वाटावं, पक्षीशास्त्राच्या एखाद्या जुन्या ग्रंथातलं पान: एकोणिसाव्या शतकातल्या ऑडुबॉन या पक्षीचित्रकाराची शैली, कडेला वळणदार अक्षरातल्या नोंदी, कागदावर पिवळट डाग. ते डागही यानेच पाडलेले. नीट पाहिलं की लबाडी कळते.

‘फॉलिंग बाउ’वर (२००२) अडकले ती बराच वेळ. एक दांडगी फांदी हवेतून कोसळतेय आणि तिच्यावर इंचभरही जागा न सोडता कबुतरांची झुंबड. चोची, पंख, धक्काबुक्की. खाली चाललोय याचा कुणाला पत्ताच नाही. ही पॅसेंजर पिजन. एके काळी त्यांच्या थव्यांनी अख्खं आकाश झाकोळायचं. माणसाने मारून संपवली. शेवटची, मार्था, १९१४ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात गेली.

पण चित्रात शिकारी नाही, बंदूक नाही. पक्षीच असे हावरट, भांडखोर दिसतात की वाटावं, मेले ते बरंच झालं. मारणाऱ्याने स्वतःची घातलेली समजूत फोर्डने जशीच्या तशी रंगवली आहे. ‘द आयलंड’मध्येही (२००९) तेच. टास्मानियातल्या थायलसिनांचा, म्हणजे आता नामशेष झालेल्या पट्टेरी शिकारी प्राण्यांचा, नुसता गुंता, जबड्यांत मेंढरं. मेंढ्या खातो म्हणून तिथल्या सरकारने या प्राण्याच्या डोक्यावर इनाम लावलं होतं. संपवायचं त्याला आधी वाईट ठरवायचं; आजही जंगल तोडायचं असलं की ते आधी कागदोपत्री पडीक ठरतं.

गंमत म्हणजे त्याच्या चित्रसंग्रहाचं नाव ‘पंचतंत्र’. आपले करटक-दमनक सतत बोलतात, डाव टाकतात, वर राजपुत्रांना शहाणंही करतात. फोर्डचे प्राणी गप्प. बडबड सगळी समासात, माणसाच्या हस्ताक्षरात. मला हे जास्त झोंबतं.

एक मात्र खटकतं: चित्रं फारच देखणी आहेत. हव्यासावर, जमवाजमवीच्या खुमखुमीवर टीका करायची आणि ही चित्रं विकत घेणार कोण, तर बडे संग्राहक! २०१२ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या अल्बमवर त्याचा गोरिला झळकला, त्या बँडचे प्रसिद्ध लाल ओठ लावून. तिथे टीका वगैरे काही उरत नाही, नुसती जाहिरात. फोर्डला हे कळत नसेल असं नाही. तरी तो गोरिला मला मुळीच आवडला नाही.