दहा मिनिटं उभं राहून दाखवा

मागच्या आठवड्यात बाजीराव रोडवर बाकरवडीच्या रांगेत मी चक्क खाली बसले. फुटपाथवर, मांडी घालून. मागचे काका म्हणाले, "अहो, रांगेत उभं राहायचं असतं." पुण्यात हे कुणीतरी सांगणारच.

मला उभं राहता येत नाही. चालता येतं, बसता येतं, शाळेत गणित शिकवता येतं. एका जागी उभं तेवढं राहता येत नाही. हे मोठ्याने बोलून बघा, किती खोटं वाटतं ते कळेल.

एप्रिल २०२१ मध्ये कोविड झाला, बरा झाला. शाळा उघडल्यावर मात्र फळ्यापाशी उभी राहिले की छातीत धडधड, हात बर्फ, डोळ्यांपुढे काजवे. एकदा सातवीच्या वर्गात 'लसावि' हा शब्दच आठवेना. बावीस वर्षं शिकवतेय हो मी लसावि!

मग दोन वर्षं तपासण्या. ईसीजी, इको, थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, सगळं नॉर्मल. एका डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली. दुसऱ्यांनी "घरी काही टेन्शन?" असं विचारून शेजारी बसलेल्या सासूबाईंकडे पाहिलं. त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. आत्याचं म्हणणं, दर रविवारी सिंहगड चढ, सगळं पळून जाईल.

पाचव्या डॉक्टरांनी फाइल बाजूला ठेवली. दहा मिनिटं आडवं पडायला सांगितलं, मग भिंतीला टेकून उभं केलं आणि समोर घड्याळ घेऊन बसले. झोपून नाडी ७४. आठव्या मिनिटाला १२१. रक्तदाब जागच्या जागी. "ईसीजी आडवं झोपवून काढतात," ते म्हणाले, "तुमचा त्रास उभा आहे." मी तिथेच रडले. बसून.

पॉट्स म्हणतात याला. पूर्ण नाव पोश्चरल ऑर्थोस्टॅटिक टॅकिकार्डिया सिंड्रोम, १९९३ साली ठेवलेलं. उभं राहिलं की कुणाचंही अर्धा-पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं. शिरा आवळतात आणि ते वर ढकलतात. माझ्या शिरांना त्याचा कंटाळा, म्हणून हृदय धावत सुटतं. मोठ्या माणसाचे ठोके दहा मिनिटांत ३० किंवा त्याहून जास्त वाढले, रक्तदाब फारसा पडला नाही आणि हे तीन महिने चाललं, तर पॉट्सचा संशय घ्यायचा. ना महागडं मशीन, ना रक्त काढणं. दोन वर्षांत कुणी दहा मिनिटं दिली नव्हती, इतकंच.

शाळेत उंच स्टूल मागितलं. बसून शिकवणं बरं दिसत नाही, असं उत्तर आलं. रविवार पेठेतून स्वतःच्या पैशाने आणलं. मुलांना पहिले दोन दिवस गंमत वाटली, तिसऱ्या दिवशी विसरली.

उपाय म्हणजे दिवसाला तीन लिटर पाणी, कमरेपर्यंतचे घट्ट मोजे (पुण्याच्या मे महिन्यात घालून बघा एकदा) आणि मीठ. मला दिवसाला १० ग्रॅम सांगितलंय. बाकीच्यांनी पाचाच्या आत राहायचं असतं, तेव्हा कुणी माझं बघून सुरू करू नका. आमच्या घरी सासूबाईंना बीपी. भाजी अळणी होते, मी वरून घेते. सुरुवातीला त्या नुसत्या बघायच्या. परवा पान वाढताना त्यांनी माझ्या ताटात लिंबाशेजारी मिठाचा हा एवढा ढीग घातला आणि म्हणाल्या, "घे. माझ्या वाटणीचंही तूच खा."