नागासाकीतला एक दिवस आणि वसईचा गोन्सालो

क्रूझच्या जहाजावरच्या सहलींच्या यादीत नागासाकीची दिवसभराची बससहल होती: शांती उद्यान, अणुबॉम्ब संग्रहालय, देजिमा, ओउरा चर्च, मध्ये जेवण. निशिझाका टेकडी त्यात नव्हती. आम्ही वसईचे. संत गोन्सालो गार्सियाच्या नावाचं चर्च गासला, कॉलेज वसईत. आणि तो जिथे क्रुसावर गेला ती टेकडी ट्रामच्या अंतरावर असताना न बघता परतायचं? सहलींच्या काउंटरवर विचारलं. शेवटचा थांबा ओउरा, तिथे सही करून गट सोडता येईल, मग जहाज गाठायची जबाबदारी तुमची, असं उत्तर आलं. आम्हाला तेवढंच हवं होतं.

सकाळी उतरताना टर्मिनलमध्ये दोन्ही तर्जनींचे ठसे, फोटो, पासपोर्ट. रांग लांब, पण सरकते. जहाजावरची फळं पिशवीत घालून उतरायची नाहीत, तिथे खरंच तपासतात.

शांती उद्यानातला पुतळा 9.7 मीटर उंच, 1955 चा. उजवा हात आकाशाकडे, म्हणजे बॉम्बचं संकट. आडवा डावा हात शांततेचा. डोळे मिटलेले, मेलेल्यांसाठी. मला पुतळ्यापेक्षा कारंजं जास्त लागलं. पाणी पाणी करत गेलेल्यांसाठी ते बांधलंय. संग्रहालयात 11:02 ला थांबलेलं घड्याळ आहे. 9 ऑगस्ट 1945. बॉम्ब शहरातल्या उराकामी भागावर फुटला, जपानमधल्या कॅथलिकांची सर्वांत मोठी वस्ती तिथेच होती. इतकं बघायला आम्हाला पाऊण तास दिला आणि भेटवस्तूंच्या दुकानात जवळजवळ तेवढाच. हे गणित कोण बसवतं देव जाणे.

जेवणात चांपोन: नूडल्स, डुकराचं मांस, कोळंबी, कोबी, सगळं एका वाडग्यात. शाकाहारी मंडळींनी आदल्या दिवशीच सांगून ठेवावं. आमचं काही अडलं नाही. देजिमा हे 1636 मध्ये पोर्तुगीजांसाठी भर टाकून केलेलं बेट, पुढे डचांना मिळालं. आता चहूकडे जमीन आहे, त्यामुळे बेट मनानेच बघावं लागतं.

ओउरा चर्च 1864 मध्ये बांधून झालं. त्याआधी दोनच वर्षं, 1862 मध्ये, नागासाकीच्या सव्वीस हुतात्म्यांना, म्हणजे गोन्सालो आणि त्याच्याबरोबर क्रुसावर गेलेल्यांना, संतपद मिळालं होतं. चर्च त्यांनाच अर्पण केलंय आणि त्याचं तोंड निशिझाकाकडे आहे. 1865 मध्ये इथेच उराकामीची काही माणसं आली आणि आमचीही श्रद्धा हीच, असं त्यांनी फ्रेंच फादरांना हळूच सांगितलं. ख्रिस्ती धर्मावर बंदी असताना अडीचशे वर्षं लपून जपलेली.

तिथे सही केली आणि ट्राम धरली. पाच नंबरने शिन्ची चायनाटाऊन, तिथून एक नंबर, उतरायचं नागासाकी स्टेशनसमोर. मागून चढायचं, पुढून उतरायचं, पैसे उतरताना. सुटी नाणी जवळ ठेवा. स्टेशनपासून थोडा चढ की निशिझाका.

भिंतीत सव्वीस ब्राँझच्या आकृत्या ओळीने उभ्या, 1962 साली बसवलेल्या. वडील पोर्तुगीज, आई वसईची, असा आपला गोन्सालो आधी व्यापारी होता, मग मनिलात फ्रान्सिस्कन संघाचा ब्रदर झाला. जपानी येत असल्याने दुभाषा म्हणून फादरांबरोबर इथे आला. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी, त्याच्या हुकमाने या सगळ्यांना ऐन थंडीत क्योतोकडून इथवर चालवत आणलं, वाटेत दोघांची भर पडली, आणि 5 फेब्रुवारी 1597 ला सगळे क्रुसावर. बहुतेक जपानीच होते, त्यात लहान पोरंही. हे मी शाळेपासून ऐकत आलोय. पण आकृत्यांची पावलं जमिनीला टेकत नाहीत, ते मात्र समोर उभं राहिल्यावरच दिसलं. आमच्या हिने मराठीत 'आमच्या स्वर्गीय बापा' ही प्रार्थना म्हटली. शेजारची जपानी आजी थांबली आणि आमचं आटपेपर्यंत हात जोडून उभी राहिली.

परतीची ट्राम भरलेली असते, शाळा सुटायची वेळ. जहाज सुटायच्या तासभर आधी गेटवर असाल असं बघा. आणि बससहल घेऊच नका म्हणणार नाही. संग्रहालयात मार्गदर्शक हवाच. फक्त ओउरा शेवटी येणारी निवडा.