आमची वाटचाल : वाळवीपासून वणव्यापर्यंत

आमचं पहिलं काम आंबा-काजूच्या बागांना कुंपणाचे खांब पुरवायचं. नीलगिरी आणि सुरूचे खांब, त्यांच्यात मुरवलेलं सीसीए, म्हणजे लाकूड टिकवणारं तांबं-क्रोम-आर्सेनिकचं द्रावण. सोंती कामेसम यांनी 1933 साली डेहराडूनला शोधून काढलेलं हे मिश्रण वाळवी आणि बुरशी दोन्हींना पुरून उरतं. वणव्यात मात्र उलटंच होतं. ज्वाळ पुढे सरकते, पण तांबं आणि क्रोम लाकूड धुमसत ठेवतात आणि बऱ्याच वेळानं उभा खांब कोसळतो. त्या राखेत आर्सेनिक असतं, म्हणून तुकडे चुलीत घालायचेच नाहीत.

घरातल्या कामासाठी आम्ही बोरॉनकडे, म्हणजे बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड या त्याच्या क्षारांकडे वळलो. बोरॅक्स ज्वाळ पसरू देत नाही, पण एकट्यानं धुमसणं वाढवतं. ते आवरायला बोरिक ॲसिड लागतं. 90 लिटर पाणी 60 अंशांपर्यंत तापवून आधी 6 किलो बोरॅक्स, ते विरघळलं की 4 किलो बोरिक ॲसिड. नुसतं बोरिक ॲसिड गार पाण्यात 100 लिटरला पाचेक किलोच विरघळतं, जोडीनं जास्त. तरी थंडीच्या सकाळी टाकीच्या तळाशी खडे धरतात. ते पुन्हा गरम करून ढवळले नाहीत, तर लाकडात पातळ द्रावण जातं.

रंधा, खाचा, भोकं सगळं आधी. द्रावण मुरल्यावर कापलं की आतला कोरा भाग उघडा पडतो. लाकडाचा ओलावा 25 टक्क्यांखाली आणायचा, बंद टाकीत अर्धा तास निर्वात करायचं, म्हणजे हवा ओढून घ्यायची, मग द्रावण सोडून दाब. घड्याळाकडे नाही, टाकीच्या पातळीकडे बघायचं: घनमीटरला 300 लिटर गेलं तर साधारण 30 किलो क्षार बसतो. वाळवीला याचा थोडा अंश पुरतो, आगीसाठी आम्ही याखाली उतरत नाही. सागाचा गाभा मात्र द्रावण जवळपास घेतच नाही. तिथे आगीत तापून फुगणारा आगरोधक लेपच बरा.

द्रावण कुठवर पोचलं ते हळद सांगते. 10 ग्रॅम हळदीचा 90 ग्रॅम स्पिरिटमधला अर्क कापलेल्या टोकावर लावायचा, सुकू द्यायचा, मग सॅलिसिलिक ॲसिड घातलेलं आम्लयुक्त स्पिरिट फवारायचं. बोरॉन असेल तिथे लाल, नसेल तिथे पिवळं.

डीएपी (डाय-अमोनियम फॉस्फेट) खत स्वस्त, आग रोखायला चांगलंही. पण दमट हवेत लाकूड ओलं धरतं आणि लोखंडी खिळे गंजतात. कोकणात ते आम्ही सोडून दिलं.

बोरॉनची मोठी खोड म्हणजे ते पावसात धुऊन जातं. म्हणून उघड्यावरच्या लाकडाला आगीची हमी आम्ही देत नाही. कुंपणाच्या खांबासाठी एकच सांगतो: पाऊस संपून गवत वाळू लागलं की बुंध्याभोवती मीटरभर जागा कोयत्यानं साफ करा.