बाईंनी आणलेला शोरा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला. शाळेवर लिहायला बसलो, पण मन रसायनशास्त्राच्या बाईंपाशीच अडकलं. नाव सांगायची गरज नाही. आपल्या शाळेत ‘बाई’ म्हटलं की त्याच.

आयनिक संयुगं म्हणजे विद्युतभारित कणांची (आयनांची) बनलेली, सहसंयुज म्हणजे अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेऊन बनलेली; या दोन्हींचा धडा चालला होता. कोरड्या मिठातून वीज जात नाही, मिठाच्या पाण्यातून जाते, साखरेच्या पाण्यातून जात नाही, हे बल्ब लावून दाखवून झालं. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, “बाई, पाण्याशिवाय मिठातून वीज जाणारच नाही का?”

बाईंनी प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहिला आणि कुणाला पुसू दिला नाही. मीठ वितळायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात, ते आपल्या बर्नरला झेपणारं नव्हतं. म्हणून पुढच्या तासाला त्या शोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट घेऊन आल्या; ते ३३४ अंशांना वितळतं. मुशीत शोरा, त्यात दोन लोखंडी तारा, पुढे बॅटरी आणि बल्ब. शोरा घट्ट होता तोवर काही नाही. तो वितळला आणि बल्ब लागला! बर्नर बंद केला, शोरा थिजला, बल्ब विझला. “आयन आधीही होतेच रे, पण स्फटिकात जखडलेले,” बाई म्हणाल्या.

मग परीक्षानळीत डांबरगोळी. ती ८० अंशांनाच वितळली, बल्ब मात्र लागला नाही. तिच्यात आयनच नाहीत. “लवकर वितळली म्हणून सहसंयुज बंध कच्चा समजू नका. सैल होते ती रेणू-रेणूंमधली ओढ, रेणूतला बंध शाबूत असतो. हिरा याच बंधांनी बांधलेला आहे.” इतकं स्वच्छ मला पुढे कॉलेजातही कुणी सांगितलं नाही.

आज माझा हीट ट्रीटमेंटचा, म्हणजे धातू तापवून-थंड करून त्याचे गुणधर्म बदलण्याचा, कारखाना आहे. आमच्या सॉल्ट बाथमध्ये, म्हणजे धातू तापवायच्या वितळलेल्या मिठाच्या टाकीत, वीज त्या मिठातूनच जाते आणि त्यानेच ते तापतं. बाथ गार पडला की मीठ गोठतं. मग नुसती वीज जोडून उपयोग नाही, आधी थोडं मीठ वेगळी उष्णता देऊन वितळवावं लागतं. कामावर येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला मी याचं कारण बाईंच्या शब्दांत सांगतो.

हल्ली हे प्रयोग पडद्यावरच दाखवतात, असं भाचीकडून कळलं. फार वाईट वाटलं. प्रयोगशाळेसाठी मुशी, बर्नर आणि रसायनांचा खर्च दरवर्षी मी देईन. मुख्याध्यापकांनी फक्त यादी पाठवावी.