ड्राइव्ह निर्दोष होता: जुन्या संगणकापायी गेलेले १९ दिवस

फोंड्याजवळच्या आमच्या घरी २००६ च्या चतुर्थीत झालेल्या आरत्या काकांनी ध्वनिमुद्रित करून १४ सीडींवर उतरवून ठेवल्या होत्या. घुमट या मातीच्या तालवाद्यावर स्वतः काका, शामेळ या चर्मवाद्यावर शेजारचे आजोबा आणि कासाळे म्हणजे झांजा घेऊन माझे बाबा असा तो मेळ होता आणि त्यांतले आज केवळ बाबा हयात आहेत. बाबांना वापरता येतो तो घरातला २००४ सालचा, विंडोज एक्सपीवर चालणारा संगणक. माझ्या लॅपटॉपकडे ते वळूनही पाहत नाहीत. म्हणून यंदा गणपती घरी येण्याआधी सगळ्या सीडी त्याच संगणकाच्या हार्डडिस्कवर घेण्याचे मी ठरवले.

जुन्या सीडी ड्राइव्हचा ट्रे सरकवणारा रबरी पट्टा इतका सैल झाला होता, की बटण दाबल्यावर मोटरचा आवाज येई, पण ट्रे हलत नसे. आत अडकलेली सीडी पुढच्या बारीक छिद्रात सरळ केलेली पेपरक्लिप खुपसून काढली आणि म्हापशाहून आयडीई, म्हणजे रुंद रिबन केबलच्या जुन्या जोडणीचा एक वापरलेला डीव्हीडी रायटर आणला. तो बसवायला अर्धा तासही लागला नाही. त्या केबलवर दुसरे काही नसल्यामुळे मागचा जंपर (ड्राइव्हचे केबलवरचे स्थान ठरवणारी पिनांवरची छोटी टोपी) मास्टरवर, म्हणजे मुख्य स्थानावर ठेवला, रिबन केबलची लाल कडा वीजजोडणीच्या बाजूला घेतली आणि चार स्क्रू आवळले. स्क्रू मात्र ड्राइव्हचेच वापरावेत, कारण हार्डडिस्कचे स्क्रू जाड आट्यांचे असतात आणि ते इथे जबरदस्तीने फिरवले तर भोकातले आटे कायमचे जातात.

अडचण त्यानंतर सुरू झाली. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये, ड्राइव्हचे नाव व्यवस्थित दिसत होते, परंतु विंडोज सुरू झाल्यावर माय कॉम्प्युटरमध्ये त्याचा पत्ता नव्हता आणि जोडलेल्या उपकरणांची यादी दाखवणाऱ्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या नावापुढे पिवळे चिन्ह व कोड ३९ येत होता. ड्रायव्हर (उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर) खराब झाला आहे किंवा सापडत नाही, असा त्याचा अर्थ. मी ड्राइव्हची नोंद त्या यादीतून काढून टाकून संगणक पुन्हा सुरू केला, केबल बदलली, जंपर 'केबल सिलेक्ट' या दुसऱ्या स्थितीत नेऊन पाहिला. फरक पडला नाही. शेवटी कॅबिनेट उचलून एका दुरुस्तीच्या दुकानात नेले.

त्या दुकानात संगणक १९ दिवस पडून होता. दर दोन-तीन दिवसांनी मी फोन करावा आणि 'उद्या बघतो' असे उत्तर मिळावे, हा क्रम चालू राहिला. मधल्या काळात श्रावण संपत आला आणि बाजारात माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या चौकटीच्या सामानाची बोलणी सुरू झाली. विसाव्या दिवशी मला सांगण्यात आले, की मदरबोर्ड गेला आहे, एवढ्या जुन्या यंत्राचा मदरबोर्ड मिळणार नाही, तेव्हा नवीन संगणक घ्यावा. तपासणीचे पैसेही घेतले. कॅबिनेट घरी आणून उघडले, तेव्हा ड्राइव्हवरची धूळ मी दिली होती तशीच होती. तिच्यावर बोटाचा ठसासुद्धा नव्हता. त्या धुळीचा राग अजून माझ्या मनात आहे.

त्याच रात्री मी जे केले ते पहिल्याच दिवशी करायला हवे होते, आणि अशा अडचणीत सापडलेल्या प्रत्येकाने सर्वांत आधी तेच करावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. विंडोज एक्सपीची मूळ सीडी ड्राइव्हमध्ये घातली, बायोसमध्ये सीडी-रॉमचा क्रम पहिला लावला आणि संगणक सुरू केला. सीडीवरून सुरू करण्यासाठी कोणतीही कळ दाबा, अशी इंग्रजी ओळ पडद्यावर आली, कळ दाबताच निळा पडदा उघडला आणि फायली भराभर वाचल्या जाऊ लागल्या. ड्राइव्ह वाचतो आहे, केबल ठीक आहे, मदरबोर्डही ठीक आहे, हे त्या एका मिनिटात सिद्ध झाले. दोष हार्डडिस्कवरच्या विंडोजमध्येच असणार हे ठरले, म्हणून सीडी बाहेर काढून मी तो शोधू लागलो.

नवा ड्राइव्ह बसवण्यापूर्वी मी सीडी लिहिण्याचे एक जुने सॉफ्टवेअर काढून टाकले होते. अशी सॉफ्टवेअर विंडोज आणि ड्राइव्ह यांच्या मध्ये स्वतःचे फिल्टर, म्हणजे मधले छोटे ड्रायव्हर बसवतात. सॉफ्टवेअर गेले तरी त्याची नोंद रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) मागे राहिली, तर विंडोज नसलेल्या फायलीला हाक मारत बसते आणि ड्राइव्हच चालू करत नाही. उपाय असा, की रेजएडिट हा रजिस्ट्री बदलण्याचा प्रोग्राम उघडून करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, क्लास या वाटेने ४डी३६ई९६५ ने सुरू होणाऱ्या कीपर्यंत, म्हणजे नोंदींच्या कप्प्यापर्यंत जावे आणि तिथल्या अपरफिल्टर्स व लोअरफिल्टर्स या दोनच नोंदी पुसाव्यात. त्याआधी ती की एक्सपोर्ट करून ठेवावी आणि उजवीकडे सीडीरॉम हे नाव दिसते ना, हे डोळ्यांनी पाहावे. शेजारच्या कीची नावे एखाद्या अक्षराच्याच फरकाने वेगळी असतात. ४डी३६ई९६बी ही कीबोर्डची आहे आणि तिथली अपरफिल्टर्सची नोंद पुसली तर कीबोर्ड बंद पडतो. मी दोन्ही नोंदी पुसून संगणक पुन्हा सुरू केला आणि ड्राइव्ह दिसू लागला. बाबांना झोपेतून उठवून मी ते दाखवले.

पहिल्या नऊ सीडी विनासायास उतरल्या. दहावी ओरखडलेली होती, ती मी हट्टाने पुन्हा पुन्हा लावली आणि त्यानंतर चांगल्या सीडीही रखडत वाचल्या जाऊ लागल्या. एक्सपीचा नियम असा आहे, की वाचनात सहा चुका साचल्या की ते जोडणीचा वेग एक पायरी खाली आणते आणि असे होत होत शेवटी डीएमए ही वेगवान पद्धत सोडून पीआयओ या संथ पद्धतीवर येते. डिव्हाइस मॅनेजरमधून सेकंडरी आयडीई चॅनल (ड्राइव्ह जोडलेली वाट) काढून संगणक पुन्हा सुरू केल्यावर वेग परत आला. तेव्हा ओरखडे असलेल्या सीडी सर्वांत शेवटी लावाव्यात.

आपल्याकडच्या पावसाळ्यात सीडी पुसूनच घालावी, तीही मऊ कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे. गोल गोल पुसू नये. लेन्सवर ओलसर धुरकट थर धरतो, तो कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब लावून अगदी अलगद टिपावा, कारण लेन्स बारीक तारांवर तोललेली असते. आणि सीडीच्या वरच्या बाजूला चिकट कागद लावू नये. नाजूक चकाकता थर त्याच बाजूला, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो.

चौदाव्या सीडीवर काकांनी असाच कागद चिकटवून वर तारीख लिहिली होती. सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणून तिच्यावरचे शेवटचे 'घालीन लोटांगण' नेमके कडेला, कागद सुटलेल्या जागी आले होते. ते उतरले, पण दोन ठिकाणी खरखर आहे. पहिल्या खरखरीपाशी काकांचा घुमट ऐकू येत नाही. तिथे बाबा मांडीवर बोटांनी ठेका धरतात.